‘कर भरेल त्यालाच मत’ हा प्रस्ताव तपासायचा कसा

फेब्रुवारीत अर्थसंकल्प आला की मुंबईत लोकलच्या डब्यापासून सोसायटीच्या सभेपर्यंत एक तक्रार हमखास ऐकू येते: कर आम्ही भरायचा आणि सरकार मात्र न भरणाऱ्यांनी निवडायचे. तिच्या जोडीला आणखी एक मागणी येते, ती म्हणजे जो आईवडिलांना आणि मुलाबाळांना पोसतो त्याच्या मताला अधिक वजन असावे. अभ्यासमंडळात किंवा महाविद्यालयाच्या वादसभेत या विषयावर बोलायची वेळ आली, तर प्रस्ताव हसण्यावारी नेऊ नये आणि लगेच मानही डोलावू नये. तो कायद्यातल्या कलमासारखा एका वाक्यात लिहून काढावा आणि आपल्या ओळखीच्या माणसांना लावून पाहावा.

पहिला प्रश्न असा विचारावा की ‘कर’ म्हणजे नेमका कोणता कर. जीएसटी धरला तर कोणीच वगळला जात नाही. घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींनी २९९ रुपयांचा मोबाइल रिचार्ज मारला, तर १८ टक्के दराने त्यातले ४५ रुपये ६१ पैसे कर म्हणून जातात. हा हिशेब सभेत फळ्यावर मांडून दाखवावा, कारण ‘ते कर भरत नाहीत’ हे वाक्य त्यानंतर तसेच उच्चारता येत नाही. प्रस्ताव मांडणारा मग बहुधा प्राप्तिकरावर येतो. तिथे त्याला आठवण करून द्यावी की २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंतच्या वार्षिक पगारावर प्राप्तिकर पडत नाही, आणि शेतीचे उत्पन्न तर कितीही असले तरी या करातून मुक्त आहे. म्हणजे महिना लाखभर पगार घेणारा अभियंता यादीतून गळतो. मालमत्ता कराचा निकष लावला, तर १ जानेवारी २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना तो माफ आहे, त्यामुळे लहान घरांचे मालकच बाहेर पडतात. व्यवसाय कर धरावा, तर महाराष्ट्रात महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो लागत नाही आणि तेवढाच पगार घेणाऱ्या पुरुषाला लागतो. तोच निकष मतदारयादीला लावला, तर स्त्रियांना मिळालेली सवलत त्यांचे मतच काढून घेईल.

आता आपल्याच इमारतीचा एक मजला घ्यावा आणि घरटी प्रत्येक प्रौढ माणसाचे नाव कागदावर लिहावे. निवृत्त शिक्षक, गृहिणी, सीएची परीक्षा देणारा मुलगा, नुकतीच नोकरी गेलेला शेजारी, यांतले कोण यादीत राहते ते खुणा करून पाहावे. माझ्या मते चर्चेचा निम्मा निकाल या कागदावरच लागतो.

अवलंबितांचा मुद्दा मात्र याहून नाजूक आहे आणि त्याला जास्त वेळ द्यावा. त्यामागची भावना खरी आहे. जो उद्याच्या पिढीसाठी खस्ता खातो, त्याला उद्याची चिंता अधिक असते. लोकसंख्येचे अभ्यासक पॉल डेमेनी यांनी १९८६ मध्ये मुलांची मते पालकांनी द्यावीत अशी सूचना केली होती, ती याच विचारातून. अडचण येते ती ‘पोसणे’ मोजताना. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. त्यानंतर गिरणगावातली कितीतरी घरे बायकांच्या खाणावळींवर, शिवणकामावर आणि घरकामावर तगली. त्या वर्षी घरातला पोशिंदा कोण होता आणि ते कोणत्या कागदपत्रावरून सिद्ध झाले असते, हा प्रश्न सभेला जरूर विचारावा. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सगळे करणाऱ्या सुनेच्या नावावर पगाराची चिठ्ठी नसते. शिवाय जिला पोसले जाते, ती वृद्ध आई स्वतःही नागरिक आहे. तिच्यासाठी मुलाच्या मताचे वजन वाढवले आणि तिचे मत गेले, तर रुग्णालय आणि पेन्शन यांबद्दल तिचे म्हणणे मांडायचे कोणी?

इतिहास थोडक्यात सांगावा, पण सांगावा अवश्य, कारण हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. ब्रिटिश काळात कायदेमंडळांसाठीचा मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर बेतलेला होता. १९३५ च्या कायद्यात अनेक स्त्रियांना मत मिळाले ते पात्र पुरुषाची पत्नी म्हणून. मुंबई महापालिकेतही मत करदात्यांपुरते आणि ठराविक भाडे भरणाऱ्यांपुरते होते. प्रौढ मताधिकारावर तिची पहिली निवडणूक १९४८ मध्ये झाली. डॉ. आंबेडकरांनी सायमन कमिशनसमोर प्रौढ मताधिकाराची मागणी केली आणि १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात तिचे कारणही दिले. मताधिकार म्हणजे सहजीवनाच्या अटी ठरवण्यातला वाटा असेल, तर घासाघीस करण्याची ताकद ज्याच्यापाशी कमी, त्याला त्याची गरज सर्वांत जास्त, असा त्यांचा युक्तिवाद होता. या विषयावर मला याहून पक्का पाया सापडलेला नाही, आणि सभेत हा मुद्दा मांडल्यावर थोडा वेळ थांबून इतरांना बोलू द्यावे.

कायद्याची बाजू दोन वाक्यांत संपते. संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने प्रौढ मताधिकार दिला आहे, ६१ व्या घटनादुरुस्तीने वयाची अट २१ वरून १८ वर आणली, आणि कर भरणे ही अट त्यात कुठेही नाही.

शेवटी करदात्याच्या तक्रारीकडे वळावे, कारण ती मनापासूनची असते आणि तिला तोलामोलाचे उत्तर द्यायला हवे. पैसा कुठे गेला हे विचारण्याचे मार्ग आहेत: महापालिकेच्या अंदाजपत्रकात आपल्या विभागासाठीची तरतूद वाचणे, कॅगच्या अहवालातले आक्षेप पाहणे, आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली एखाद्या रस्त्याच्या किंवा नाल्याच्या कामाची देयके मागणे. सभेनेच असे एक काम निवडावे, अर्जाचा मसुदा तिथेच लिहावा आणि तो कोण दाखल करणार हे ठरवूनच सभा संपवावी.