पॉलिसीला आठच दिवस झाले आणि टिनं उडाली: घरविम्याचा क्लेम कसा करावा

विमा काढून दहा-बारा दिवसही होत नाहीत तोच घराचं नुकसान झालं, तर लोक दोन चुका करतात. काही जण 'आत्ताच तर पैसे भरले, कोण देते?' म्हणून क्लेमच करत नाहीत. काही जण शेजाऱ्याच्या सल्ल्याने महिनाभर थांबून तारीख पुढची सांगतात. पहिल्या चुकीत पैसे जातात, दुसरीत पॉलिसीच जाते, कारण खोटी तारीख ही फसवणूक धरली जाते.

आरोग्य विम्यात सुरुवातीचे ३० दिवस थांबावं लागतं, तशी अट 'भारत गृह रक्षा' या पॉलिसीत नाही. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्या घरासाठी ही ठरावीक पॉलिसी विकतात. दुसऱ्या दिवशी वीज पडली तरी क्लेम बसतो. फक्त इतक्या लवकर आलेल्या क्लेमात सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनी नेमते तो माणूस, एकच गोष्ट शोधत असतो: हे मोडणं आधीचंच तर नाही ना? पुढची सगळी खटपट या एका शंकेसाठी आहे.

आधी शेड्यूल, म्हणजे पॉलिसीचा तपशील छापलेलं पान, काढा. त्यावर विमा सुरू होण्याची तारीख आणि वेळ छापलेली असते. खात्यातून पैसे कटले ती तारीख वेगळी, एजंटच्या हातात रोख दिली ती आणखी वेगळी. कंपनीकडे हप्ता जमा होण्याआधी जोखीम सुरू होत नाही, हा विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीचा नियम आहे. एजंटने पैसे चार दिवस खिशात ठेवले आणि त्या चार दिवसांत झाड पडलं, तर भांडण एजंटशी करावं लागतं. म्हणून हप्ता ऑनलाइनच भरावा.

मग नुकसानीचं कारण पॉलिसीत आहे का ते बघा. 'अपघाताने झालं' एवढं पुरत नाही. आग, वीज पडणे, वादळ, पूर, भूकंप, झाड किंवा वाहन आदळणे, पाण्याची टाकी वा पाइप फुटणे किंवा भरून वाहणे, दंगल, या घटना मूळ पॉलिसीत आहेत. चोरी फक्त अशा घटनेनंतर ७ दिवसांच्या आत झाली तरच. पोराच्या हातून टीव्ही पडला, हे त्यात नाही. त्यासाठी वेगळं कव्हर घेतलेलं असावं लागतं.

विजेच्या बाबतीत एक फाटा नीट समजून घ्या. वीज भिंतीवर पडून भिंत फाटली तर भरपाई मिळते. पण विजेने किंवा व्होल्टेज वाढल्याने फक्त फ्रिज जळाला, तर ते त्या उपकरणाचं विद्युत नुकसान म्हणून वगळलेलं असतं. त्या फ्रिजने पेट घेऊन स्वयंपाकघर जळालं, तर बाकीच्या जळीताचे पैसे मिळतात, त्या फ्रिजचे नाही.

विदर्भात सर्वांत जास्त वाद भेगांवरून होतो. काळी कपाशीची माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि पाया उथळ असला की भिंतीला तिरप्या भेगा पडतात. जमीन खचणं पॉलिसीत आहे, पण नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं, साध्या भेगा, भर टाकलेल्या जागेचं दबणं आणि सदोष बांधकाम वगळलेलं आहे. वादळात टिनं उडाली आणि त्याच खोलीत जुन्या भेगाही आहेत, तर भेगा क्लेमात घालू नका. एक जुनी भेग घातली की टिनांवरही संशय येतो. जुनी भेग ओळखायला सर्व्हेअरला वेळ लागत नाही: आत धूळ आणि जाळी असते, कडा काळवंडलेल्या असतात. ताजी भेग आतून स्वच्छ दिसते.

पॉलिसी हातात आली त्याच दिवशी करायचं काम दहा मिनिटांचं आहे. मोबाइलवर घराचा सलग व्हिडिओ काढा: चारही बाहेरच्या भिंती, छप्पर वरून आणि खालून, प्रत्येक खोली, मीटर, टाकी. जुन्या भेगा लपवू नका, त्याही घ्या. नंतर तो स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, म्हणजे तारीख आपोआप पडते. मोठी फाइल जात नसेल तर निदान पंधरा-वीस फोटो पाठवा. प्रस्तावात, म्हणजे विमा घेताना भरलेल्या अर्जात, भिंत विटांची की मातीची, छत स्लॅबचं, टिनाचं की कवेलूचं, हे खरं लिहिलंय ना तेही तपासा. चुकलं असेल तर नुकसान व्हायच्या आधीच लेखी दुरुस्ती करून घ्या.

नुकसान झालं तर पहिलं काम मेन स्विच बंद करणं. तार तुटली असेल तर महावितरणला १९१२ वर कळवा. मग हात लावायच्या आधी फोटो: एक लांबून, ज्यात घर ओळखू येईल, एक मधून, एक जवळून. पाऊस आत येऊ नये म्हणून ताडपत्री टाका आणि तिचं बिल ठेवा. नुकसान वाढू न देणं तुमचीच जबाबदारी आहे. पक्की दुरुस्ती मात्र सर्व्हे होईपर्यंत करू नका. वाकलेली टिनं भंगारवाल्याला देऊ नका. सर्व्हेअर ती मोजतो आणि भंगाराची किंमत भरपाईतून वजा करतो. टिनंच नसली तर मोजणार काय?

कंपनीला त्याच दिवशी कळवा. टोल फ्री नंबरवर फोन करून क्लेम नंबर घ्या आणि लगेच तेच ईमेलने लिहा: पॉलिसी नंबर, तारीख, अंदाजे वेळ, कारण, काय काय मोडलं. एजंटला सांगणं म्हणजे कंपनीला कळवणं नव्हे. क्लेम फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो.

तारीख पक्की करणारे कागद गावातच मिळतात. तलाठ्याचा पंचनामा होतो तेव्हा हजर राहा आणि त्यात तुमचं घर, तारीख व कारण आलंय का ते वाचूनच सही करा. 'मागील वादळात' असं मोघम लिहू देऊ नका. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर पावसाची रोजची नोंद असते, ती छापून जोडा. आग असेल तर अग्निशमन दलाचा अहवाल आणि पोलिसातली नोंद लागते.

नावाचा घोळ मात्र गावात हमखास असतो. नमुना ८ वर (ग्रामपंचायतीचा घराचा उतारा) वारलेल्या वडिलांचं नाव, पॉलिसी मुलाच्या नावाने. घराशी तुमचा हक्क काय, हे दाखवता आलं पाहिजे: वारसाचा कागद, वाटणीपत्र, घरटॅक्सच्या पावत्या. गृहकर्जासोबत काढलेल्या पॉलिसीत बँकेचं नाव असतं, तेव्हा पैसे आधी बँकेकडे जाऊ शकतात. शाखेला लगेच कळवा.

मिस्त्रीकडून अंदाजपत्रक घेताना 'छप्पर दुरुस्ती ६०,००० रुपये' असं एका ओळीत नको. टिनं किती, लांबी किती फूट, जाडी किती, लोखंडी अँगल किती, हुक किती, मजुरी किती दिवसांची, असं सुटं लिहून घ्या. जुन्या टिनाच्या जागी स्लॅब लावला तर पैसे टिनाचेच मिळतील. कंपाउंड भिंत, गोबर गॅस, पाण्याची टाकी, सोलर पॅनल हेही घराच्या इमारतीत मोडतात. बरेच जण ते मागायचंच विसरतात. घरात रचलेला कापूस आणि सोयाबीनची पोती मात्र घरगुती सामान नव्हे.

विमा नियामकाच्या (IRDAI) २०२४ च्या नियमांप्रमाणे सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत घ्यायचा आणि अहवाल आल्यावर ७ दिवसांत निर्णय द्यायचा, हे कंपनीवर बंधन आहे. सर्व्हेअर आला की व्हिडिओ आधीच दाखवा. आठवत नाही ते आठवत नाही म्हणा. अंदाजाने सांगितलेली वेळ पंचनाम्याशी जुळली नाही तर तीच पुढे अडते. त्याने मागितलेला प्रत्येक कागद ईमेलने द्या.

नकार आला तर कारण आणि पॉलिसीतलं कलम लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, सोबत नियामकाच्या 'बीमा भरोसा' संकेतस्थळावर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. विदर्भासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात.