कंपनीची गाडी निवडताना आधी टेप, मग शोरूम

मी साखर कारखान्यांना पंप आणि त्यांची मेकॅनिकल सील, म्हणजे पंपातली गळती रोखणारे भाग, विकते. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर हा माझा टापू. गळीत हंगाम सुरू झाला की मार्चपर्यंत माझा मुक्काम घरात कमी, गाडीत जास्त. तीच गाडी रविवारी सासूबाईंना मिरजेला डॉक्टरांकडे नेते आणि गणपतीत आम्हा पाच जणांना घेऊन अणुस्कुरा घाट उतरून राजापूरकडच्या गावी जाते.

पहिली कंपनीची गाडी मला २०१९ मध्ये मिळाली. कंपनीने दिलेल्या यादीत चार मॉडेलं होती. मी दहा मिनिटांत सगळ्यात उंच आणि रुबाबदार दिसणारी निवडली. ही घाई मला चार वर्षं पुरली. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. त्या एकदा दाराशी उभ्या राहिल्या, एक पाय आत टाकून थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, ह्यात चढायचं म्हणजे बैलगाडीत चढल्यागत वाटतंय." त्यानंतर त्या डॉक्टरांकडे रिक्षाने जाऊ लागल्या. दारात गाडी उभी आणि आई रिक्षात. शेजारणीने हे बरोब्बर हेरलं.

२०२३ मध्ये नवी नोकरी धरली, पुन्हा यादी आली, तेव्हा मी आधी वही काढली.

चौदा दिवसांची वही

गाडी निवडायच्या आधी सलग चौदा दिवस रोज रात्री तीनच गोष्टी लिहा: आज गाडीत जास्तीत जास्त किती जण बसले, डिकीत काय होतं, आणि सगळ्यात वाईट रस्ता कोणता लागला. माझ्या वहीत नऊ दिवस मी एकटी, दोन दिवस सोबत फिटर, दोन दिवस आम्ही चौघं आणि एक दिवस पाच जण असा हिशेब निघाला. डिकीत दहा दिवस सीलची लाकडी पेटी होती. वाईट रस्ता नेहमीचाच, कारखान्याच्या गव्हाणीकडे, म्हणजे ऊस टाकतात तिथे जाणारा, चिखलात ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांचा.

म्हणजे गाडी मुख्यतः एक बाई आणि एका पेटीची. हे कागदावर आल्यावर 'मोठी घेऊया, कधी पाहुणे आले तर' हा घरातला युक्तिवाद आपोआप ढिला पडतो. वर्षातून चार वेळा सात माणसं न्यायची असतील तर त्या चार दिवसांना भाड्याची गाडी आणि ड्रायव्हर परवडतो. उलट रोजची अडचण असेल तर ती वर्षातून तीनशे वेळा बोचते. वही हंगामातली असेल तर एखादा सणाचा आठवडा आठवून तोही जोडा, नाहीतर हिशेब एकीकडेच झुकतो.

टेप घेऊन घरात फिरा

सासूबाई घरात कोणत्या खुर्चीतून हात न टेकता उठतात ते मी पाहिलं. त्या खुर्चीची बैठक जमिनीपासून ५६ सेंटीमीटरवर भरली. सोफा ४२ चा, त्यातून त्यांना ओढून काढावं लागतं. मग शोरूममध्ये प्रत्येक गाडीच्या मागच्या सीटची जमिनीपासूनची उंची मोजली. सेल्समन आधी हसला, तिसऱ्या गाडीला स्वतःच टेपचं दुसरं टोक धरून उभा राहिला. सेडान आमच्या सोफ्यासारखी निघाली, बसायला सोपी, उठायला शिक्षा. उंच एसयूव्हीत बसायलाच पायरी हवी. आम्हाला मधली उंची हवी होती. दाराचा उंबरठा आणि सीट यांतलं आडवं अंतरही पाहा. ते जास्त असेल तर पाय आत घेताना साडी अडकते.

पेटीचंही तसंच. माझी पेटी ७० बाय ४५ बाय ४० सेंटीमीटर, वजन २८ किलो. डिकी किती लिटरची हे माहितीपत्रकात असतं, पण लिटर म्हणजे पाणी, आणि पेटी काही पाण्यासारखी कोपऱ्यांत शिरत नाही. डिकीच्या तोंडाची रुंदी मोजा, आणि सामान किती उंच उचलून आत ठेवावं लागतं तेही मोजा. कमरेच्या वर २८ किलो रोज उचललं की पाठीचं दुखणं ठरलेलं. तीन ओळींच्या गाड्यांत आणखी एक गफलत होते. अर्टिगात तिन्ही ओळी उभ्या असताना डिकी २०९ लिटरची, तिसरी ओळ पाडली की ५५० लिटरची. सातही जण आणि त्यांच्या बॅगा एकाच वेळी, हे गणित तिथे बसत नाही. सीएनजीचा विचार असेल तर सिलिंडर डिकीत किती जागा खातो ते डिकी उघडून डोळ्यांनी पाहा. काही कंपन्या आता दोन लहान सिलिंडर फळीखाली बसवतात, त्यात डिकी बरीच वाचते. माझ्या एका सहकाऱ्याने सीएनजी घेतली. त्याचं इंधन स्वस्त पडतं हे खरं, पण नमुन्यांची पेटी मागच्या सीटवर आणि मुलं मांडीवर, असा त्याचा रविवार असतो.

गल्ली विसरू नका. आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. आमच्या गल्लीत विजेच्या खांबापाशी जेमतेम सात फूट दोन इंच जागा आहे. माहितीपत्रकातली रुंदी सहसा आरसे सोडून असते, त्यामुळे त्यात आठ-नऊ इंच मिळवा. १,७३५ मिलिमीटरची गाडी म्हणजे पाच फूट आठ इंच, आरसे धरून साडेसहाच्या आत, म्हणजे आत येते. त्याहून रुंद काही घेतलं असतं तर नवऱ्याला रोज रात्री गल्लीच्या तोंडाशी टॉर्च घेऊन उभं राहावं लागलं असतं.

कागद, आणि त्यातही कराचा

पुष्कळ जण इंजिन निवडताना कराला फार घाबरतात. गाडी कामासाठीही आणि घरासाठीही वापरली जाते, खर्च कंपनी करते, अशा वेळी तिचं एक ठरावीक मूल्य आपल्या करपात्र पगारात धरलं जातं. २०२३ मध्ये मी गाडी घेतली तेव्हा १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिना १,८००, त्याहून मोठ्याला २,४०० आणि ड्रायव्हर असेल तर आणखी ९०० रुपये असा हिशेब होता. तीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून वर्षाचा कर लहान इंजिनाला ६,७३९ रुपये, मोठ्याला ८,९८६. फरक महिन्याला १८७ रुपयांचा. तेवढ्यासाठी घाटात दम लागणारं इंजिन घेणाऱ्याला मी हात जोडते. मात्र हे आकडे तेव्हाचे. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, त्यामुळे तुमच्या वर्षाचा आकडा पगार विभागाकडून लेखी घ्या.

खरा पैसा दुसरीकडे जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर जीएसटी १८ टक्के, त्यावरच्यांवर ४० टक्के, विजेच्या गाडीवर ५ टक्के. लीज घेतली, म्हणजे गाडी विकत न घेता काही वर्षांच्या भाडेकराराने घेतली, तर दरमहाच्या भाड्यावरही त्याच गाडीचा दर लागतो आणि ते भाडं आपल्याच पगाराच्या आकड्यातून जातं. दुसरं, आरसी कोणाच्या नावावर निघणार ते विचारा. महाराष्ट्रात माणसाच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी वाहन कर किमतीनुसार ११ ते १३ टक्के, कंपनीच्या नावावर असेल तर २० टक्के. हा फरक कोण भरतं, हे धोरणाच्या कागदात बारीक अक्षरात असतं.

त्याच कागदात आणखी काही पाहायचं असतं, आणि हे प्रश्न एचआरला ईमेलनेच विचारा, फोनवर नको. नोकरी मध्येच सोडली तर उरलेल्या हप्त्यांचं काय? नवऱ्याने किंवा बायकोने गाडी चालवली आणि ठोकली तर विमा लागू होतो का? घरच्या वापराला किलोमीटरची मर्यादा आहे का? कोकणातल्या सहलीचा टोल फास्टॅगवरून कंपनीच्या खात्यातून गेला तर नंतर पगारातून कापतात का? गाडीत जीपीएस आहे का आणि रविवारी ते कोण पाहतं? शेवटचा प्रश्न मी विचारला तेव्हा पलीकडून दोन दिवस उत्तर आलं नाही. मग आलं, की जीपीएस आहे, पण सुट्टीच्या दिवशी कोणी बघत नाही. तेवढंही लेखी असलेलं बरं.

सांगलीकरांसाठी एक खास गोष्ट, खरंतर नदीकाठच्या सगळ्यांसाठीच. विम्यात इंजिन प्रोटेक्ट आहे का ते पाहा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फूट ओलांडले. तिथे ४५ फुटांनाच धोक्याची पातळी. २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढायला लागलं तेव्हा मी गाडी आदल्या रात्रीच मिरजेच्या बाजूला उंचावर नेऊन लावली. आमच्या ऑफिसमधल्या एकाची पार्किंगमध्येच बुडाली, वर त्याने पाणी ओसरल्यावर चावी फिरवून पाहिली. इंजिनात पाणी शिरलेलं असताना गाडी सुरू केली की जे नुकसान होतं ते साध्या विम्यात सहसा बसत नाही. पॉलिसी कंपनीने काढलेली असली तरी तिची प्रत मागून घ्या आणि वाचा.

टेस्ट ड्राइव्ह अंधारात

शोरूमवाले दुपारी, सरळ रस्त्यावर, तीन किलोमीटर फिरवून आणतात. त्यातून एसी गार आहे एवढंच कळतं. मी संध्याकाळी सातची वेळ मागितली. हंगामात उसाचे ट्रॅक्टर मागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून चाललेले असतात, कित्येकांच्या मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. समोरून येणाऱ्याच्या प्रकाशात ती काळी ट्रॉली आपल्या दिव्यांना किती आधी दिसते, हे मला ब्रोशरमधल्या कोणत्याही गुणांपेक्षा महत्त्वाचं. सासूबाई मागे, मुलगा त्यांच्याशेजारी, मुलगी बूस्टर सीटवर आणि पेटी डिकीत, अशी पूर्ण वरात घेऊन गेलो. मुलगा पावणेसहा फूट, त्याने तिसऱ्या ओळीत बसून पाहिलं आणि मुकाट दुसऱ्या ओळीत आला. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाची सीट हवी, हे कायद्यातच आहे. म्हणून मागच्या मधल्या जागेला तीन बिंदूंचा पट्टा आहे की नुसता पोटावरचा, हे बोटाने ओढून पाहा. भारत एनसीएपीचे, म्हणजे धडक चाचणीचे, तारे पाहाच, पण तारे ज्या व्हेरियंटला मिळाले तेच तुमच्या यादीत आहे का, तेही विचारा.

स्टेपनी कुठे आहे, हेही तेव्हाच बघा. ती भरलेल्या डिकीच्या तळाशी असेल तर पावसात, घाटात, सगळं सामान रस्त्यावर काढावं लागतं.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही: वास. कारखान्याच्या आवारात मळी सांडलेली असते, ती बुटाला लागते आणि बुटातून गाडीत येते. दोन दिवस उन्हात गाडी उभी राहिली की आत आंबूस, गोडसर वास भरतो. आमच्या मुलीला तो वास आला की अणुस्कुरा घाटही लागत नाही, मलकापूरलाच उलटी होते. म्हणून कापडी पायपोस नकोत, कडा उचललेल्या रबरी ट्रे मॅट घ्या, आणि माझे कारखान्याचे बूट डिकीत वेगळ्या झाकणाच्या डब्यात असतात. आतून बेज रंगाची गाडी टाळता आली तर टाळा. बाहेरून आमच्या कंपनीत फक्त पांढराच रंग मिळतो. काळ्या मातीतून निघालेली गाडी कोकणातून तांबडी होऊन परत येते, त्याला इलाज नाही.

विजेच्या गाडीबद्दल थोडक्यात सांगते. रोजचा मार्ग ठरलेला आणि स्वतःच्या मीटरवर चार्जर बसवायची जागा असेल तर आधी तीच बघा. माझ्याकडे दोन्ही नाही.

शेवटी मी अर्टिगा घेतली, पेट्रोल, १,४६२ सीसी. तिसरी ओळ बहुतेक दिवस पाडलेली, त्यावर ताडपत्री आणि पेटी. ताब्यात घेताना चारही बाजूंचे, छताचे आणि सीटचे फोटो काढून स्वतःलाच ईमेल केले, कारण परत देताना प्रत्येक ओरखड्याचा हिशेब होतो. अठ्ठेचाळीस महिन्यांची मुदत जून २०२७ ला संपते. मुदतीअंती गाडी आपण किती रकमेला ठेवून घेऊ शकतो तो आकडा करारात आधीच लिहून घेतलाय. सासूबाई दर दिवाळीला तो आकडा विचारतात, आणि नवरा दर वेळी म्हणतो, "आई, अजून वेळ आहे."