ग्रहांच्या कक्षा समजून घेताना या चुका टाळा

ग्रह सूर्याभोवती कसे फिरतात हे सांगणाऱ्या, खगोलशास्त्रज्ञ केप्लरच्या तीन नियमांबद्दलचा बराचसा गोंधळ आकृतीपासूनच सुरू होतो. सूर्याभोवती अंड्यासारखी लांबट कक्षा काढण्याची पद्धत सोयीची असली, तरी तिच्यामुळे कक्षेचा खरा आकार आणि या शोधामागचे कष्ट दोन्ही झाकले जातात. मंगळाची कक्षा २० सेंटिमीटर लांबीची काढली, तर तिची रुंदी लांबीपेक्षा १ मिलिमीटरनेही कमी भरत नाही. सूर्य मात्र मध्यबिंदूपासून ९ मिलिमीटरहून थोडा अधिक सरकलेला, म्हणजे लंबवर्तुळाच्या नाभीवर (लांब अक्षावर मध्यापासून समान अंतरावर असलेल्या दोन ठरावीक बिंदूंपैकी एकावर) असतो. म्हणून सूर्य मध्यभागी दाखवणे ही लांबट आकारापेक्षाही मोठी चूक आहे.

सूर्य केंद्रस्थानी मानताच सगळे गणित सुटले, हाही गैरसमजच आहे. १५४३ मध्ये कोपर्निकसने सूर्यकेंद्री रचना मांडली खरी, पण वर्तुळे आणि उपवर्तुळे (मोठ्या वर्तुळावर फिरणारी लहान वर्तुळे) त्याने सोडली नव्हती. खगोल-निरीक्षक टायको ब्राहेने केलेल्या ग्रहस्थानांच्या नोंदींवरून केप्लरने मंगळासाठी आधी वर्तुळाकार कक्षाच बसवून पाहिली. गणित आणि निरीक्षण यांत ८ कलांची (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीच्या साधारण पाव भागाएवढी, तफावत उरली. दुर्बिणीविना घेतलेल्या त्या नोंदींत एवढी चूक असणार नाही, या विश्वासावर त्याने हाती आलेली कक्षा रद्द केली. विज्ञानाच्या इतिहासात एवढा प्रामाणिकपणा मला क्वचितच आढळतो. नियमांचे क्रमांकही शोधाचा क्रम सांगत नाहीत: सूर्य आणि ग्रह यांना जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ व्यापते, हा दुसरा नियम त्याला लंबवर्तुळाच्या पहिल्या नियमाआधी सापडला. दोन्ही १६०९ मध्ये छापले गेले, तिसरा १६१९ मध्ये.

ग्रहाचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर आणि आवर्तकाल (एका फेरीचा काळ) यांची सांगड घालणाऱ्या तिसऱ्या नियमाचे उदाहरण जुळत नसेल, तर आधी एकके तपासावीत. अंतर खगोलीय एककात (पृथ्वी आणि सूर्य यांतील सरासरी अंतर म्हणजे एक एकक) आणि आवर्तकाल वर्षांत घेतला, तरच अंतराचा घन आणि काळाचा वर्ग जवळजवळ समान येतात. मंगळासाठी १.५२४ चा घन सुमारे ३.५४ येतो आणि त्याचे वर्गमूळ १.८८ वर्षे. किलोमीटर आणि दिवस घेतल्यास स्थिरांक, म्हणजे त्या घनाचे आणि वर्गाचे गुणोत्तर, बदलतो. तसेच सूर्यासाठीचा स्थिरांक चंद्राच्या पृथ्वीभोवतीच्या भ्रमणाला लावता येत नाही.

ऋतूंचे कारण सूर्यापासूनच्या अंतरात शोधू नये. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या सुरुवातीला असते आणि आपल्याकडे तेव्हा थंडी असते. ऋतू होतात ते अक्षाच्या साडेतेवीस अंशांच्या कलामुळे.