ओम्बड्समन व्हॉलंटिअर होताय? मग या चुका टाळा

अमेरिकेत नर्सिंग होम (म्हणजे आपल्याकडचं छोटं हॉस्पिटल नव्हे, तर जिथे राहून कायम नर्सिंगची काळजी मिळते ती जागा) आणि असिस्टेड लिव्हिंग (रोजच्या कामांत मदत मिळते अशी राहायची जागा) इथल्या रहिवाशांच्या बाजूने उभं राहायला, त्यांच्या तक्रारी सोडवायला लॉन्ग टर्म केअर ओम्बड्समन प्रोग्रॅम आहे, आणि आपली मराठी मंडळी, विशेषतः रिटायर झालेली, त्यात व्हॉलंटिअर म्हणून येतात तेव्हा मला मनापासून आनंद होतो. पण नव्या लोकांना सोबत घेऊन फिरताना त्याच त्याच चुका दिसतात म्हणून एकदाच लिहून टाकतेय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे रहिवाशाला न विचारता तक्रार पुढे नेणं. ट्रेनिंगमध्ये अगदी हुशार असलेली एक मुलगी माझ्यासोबत होती, मी शेजारच्या खोलीत असताना एका आजींनी तिला सांगितलं की रात्री बेल दाबली तरी कोणी येत नाही, अंथरूण ओलं होतं आणि तसंच पडून राहावं लागतं. ही तडक अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे गेली आणि खोली नंबरासकट सगळं सांगून आली. हेतू चांगलाच होता हो, पण पुढच्या वेळी गेलो तर आजी भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, माझं काही नाही, सगळं छान आहे. रात्रपाळीच्या बाईने त्यांना ऐकवलं होतं. आपण संध्याकाळी घरी जातो, त्यांना तिथेच झोपायचं असतं! त्या परत बोलायला लागेपर्यंत काही महिने गेले, मग त्यांच्या परवानगीने, नाव न घेता, विषय रेसिडेंट कौन्सिलच्या, म्हणजे रहिवाशांच्या स्वतःच्या समितीच्या, मीटिंगमध्ये आला आणि तिथे आणखी बऱ्याच जणांनी तेच सांगितलं.

फेडरल नियम इथे स्पष्ट आहे, संमतीशिवाय रहिवाशाची ओळख उघड करायची नाही. आधी नर्स किंवा टीचर असलेल्यांना हे सगळ्यात जड जातं कारण त्यांच्या नोकरीत संशय आला की रिपोर्ट करायची सक्ती होती. माझी सवय सांगते, खोलीतून निघायच्या आधी तीन प्रश्न: हे कोणाला सांगू का, कोणाला सांगू, तुमचं नाव घेऊ का. उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत लिहायचं. नाही म्हणाले तर नाही, पुढच्या भेटीत परत विचारायचं.

दुसरी चूक खास आपल्या लोकांची. एखाद्या मराठी काकू भेटल्या की त्यांचा मुलगा कॉरिडॉरमध्ये गाठतो, अर्धा तास मराठीत गप्पा होतात, आईला काय हवंय ते तोच सांगतो आणि व्हॉलंटिअर तेच लिहून घेतो. अहो, काकूंना विचारा ना! मुलाकडे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, म्हणजे त्यांच्या वतीने निर्णय घ्यायचा कायदेशीर अधिकार, आहे म्हणून काकूंचं मत संपत नाही, आणि डिमेन्शिया असला तरी आज अंघोळ कधी करायची, कोणाशेजारी बसायचं हे त्या सांगू शकतात. मुलाला त्यांच्या वतीने बोलू देऊ नका, तो समोर असताना काकू कधीच खरं बोलणार नाहीत. दार लावून एकटं भेटायचा हक्क आहे, तो वापरा.

डब्यातून लाडू-चकल्या नेऊ नका, कोणाला गिळायचा त्रास असतो, कोणाचं डाएट ठरलेलं असतं. व्हीलचेअरवरून उचलणं, भरवणं हेही आपलं काम नाही, सेवा करायचीच असेल तर त्यासाठी दुसरे प्रोग्रॅम आहेत. स्वतःची आई जिथे राहते तिथली ड्यूटी मागू नका.

आणि घाई! फेडरल स्टँडर्डप्रमाणे सर्टिफिकेशनला किमान ३६ तासांचं ट्रेनिंग आणि पुढे दरवर्षी १८ तास लागतात, तरी "वीकेंडला ऑनलाइन उरकता येईल का" हा प्रश्न येतोच. नाही येणार, घरबसल्या स्वतः वाचायचा भाग जास्तीत जास्त ७ तासांचा असतो, आणि मला विचाराल तर तेवढाही नको. जेवणाच्या वेळी डायनिंग रूममध्ये नुसतं बसून बघितल्याने जे कळतं ते स्लाइड्समधून कळत नाही. सर्टिफिकेट हातात नसताना तक्रारीची चौकशी एकट्याने सुरू करायची नाही, कितीही तळमळ असली तरी.

दंड करायची धमकी देऊ नका, तो अधिकार राज्याच्या तपासणी खात्याकडे असतो, आपल्याकडे नाही.

शेवटचं, नर्सिंग होममधून बाहेर काढायची नोटीस कोणाच्या हातात दिसली तर आधी तारीख बघा. साधारण ३० दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते, त्यात कारण आणि अपील कुठे करायचं ते लिहिलेलं असावं लागतं आणि कॉपी ओम्बड्समन ऑफिसला जावी लागते. नवीन लोक कारणावर वाद घालत बसतात आणि अपीलची मुदत निघून जाते. रहिवासी हो म्हणाला तर त्याच दिवशी सुपरवायझरला फोन करा, वाद नंतर.