दिवाळीचं फराळाचं गिऱ्हाईक वर्षभर टिकवायचं कसं

घरून फराळ करून विकणाऱ्यांची आश्विनात झोप होत नाही आणि मार्गशीर्षात फोन वाजत नाही. चकली बिघडलेली नसते, भावही फारसा चुकलेला नसतो. कोणी काय नेलं, किती नेलं आणि त्यांना पुन्हा कधी लागेल याची नोंदच कुठे नसते. दिवाळीत दीडशे घरांत डबे गेले आणि पाडव्यानंतर त्यांतल्या शंभर घरांचे नंबरही सापडत नाहीत, मग पुढच्या वर्षी पुन्हा अनोळखी माणसांच्या मागे लागावं लागतं. म्हणून जाहिरातीवर एक रुपया घालण्याआधी एक वही घाला.

वहीत रकाने असे ठेवा: नाव, मोबाईल, राहण्याचा भाग, काय नेलं, वजन, तारीख, कोणाच्या ओळखीने आले, घरात काय चालत नाही, पुढचा निरोप कधी. ‘काय चालत नाही’मध्ये लसूण नको, शेंगदाण्याची ॲलर्जी, आजोबांना कडक चावत नाही, असं सगळं लिहा. ‘कोणाच्या ओळखीने’ हा रकाना तर कधीच रिकामा सोडू नका. हंगाम संपल्यावर तो वाचला की दिसतं, निम्मी गिऱ्हाइकं मोजक्या चार-पाच घरांनी पाठवलेली असतात. त्या घरांना न मागता पाव किलोचा डबा पोचवा. छापील पत्रकांवर तेवढेच पैसे घालून ही मंडळी मिळत नाहीत.

भाव: स्वतःची मजुरी धरल्याशिवाय ठरवू नका

शेजारच्या गल्लीत काय भाव आहे तो पाहून आपला लावणं ही सगळ्यात महाग पडणारी सवय. एक पूर्ण हिशेब करू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या बाजारातले घालून घ्या.

दहा किलो भाजणीच्या चकलीला समजा साडेसात किलो भाजणी, १२० रुपये किलोने ९०० रुपये. तेल साडेतीन लिटर, ५२५ रुपये. तीळ, ओवा, तिखट, हिंग, मीठ १७५. गॅस १५०. अर्ध्या किलोचे वीस पाउच आणि लेबलं, २४०. मदतीला आलेल्या ताईंची मजुरी ६००. तुमची स्वतःची मजुरी ८००. एकूण ३३९० रुपये. यातली अर्धा किलो मोडतोडीत आणि चव द्यायला जाते, म्हणून भागायचं साडेनऊने. किलोला पडले सुमारे ३५७ रुपये.

भाव ५०० ठेवला आणि घरून थेट विकली तर किलोमागे १४३ रुपये सुटतात. दुकानदाराला छापील किमतीवर २० टक्के दिले तर हातात ४०० येतात, सुटतात ४३. आता ‘सगळे ४४० ने देतात’ म्हणून ४४० लावा: दुकानदाराचे ८८ गेले, हातात ३५२, म्हणजे प्रत्येक किलोला पाच रुपये पदरचे. दुकानात माल ठेवायचा विचार असेल तर भाव पहिल्या दिवसापासून दुकानदाराचा वाटा धरूनच लावा. आधी स्वस्त देऊन नंतर वाढवायला गेलात की जुनं गिऱ्हाईक दुखावतं.

तेलाचा भाव श्रावणानंतर पुन्हा पाहा आणि त्याप्रमाणे आकडा दुरुस्त करा. कमी भावात बसवण्यासाठी तळणीचं तेल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वापरत राहणं मात्र नको. तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात पोलर घटक, म्हणजे तेल बिघडल्यावर तयार होणारे घटक, वाढतात. अन्न सुरक्षेच्या नियमात त्यांची मर्यादा २५ टक्के आहे. शिवाय अशा तेलातला माल आठवड्याभरात खवट वास मारायला लागतो, आणि असं गिऱ्हाईक तक्रारही करत नाही, पुढच्या वेळी फोनच करत नाही.

किती दिवस टिकतं, हे अंदाजाने छापू नका

गणपतीच्या आधी प्रत्येक पदार्थाचा एक लहान घाणा काढा. विकायच्या पाउचमध्येच भरून, सील करून सहा पाकिटं ठेवा. सातव्या, पंधराव्या, एकविसाव्या, तिसाव्या दिवशी एकेक उघडा. वास घ्या, मोडून पाहा, घरात न सांगता दोघांना खायला द्या. दमट हवेत ही चाचणी झाली की दिवाळीच्या कोरड्या हवेत काळजी उरत नाही. ज्या दिवशी पहिली शंका आली त्याच्या आठवडाभर आधीची मुदत लेबलावर छापा.

मऊ पडण्याची कारणं ठरलेली आहेत. चकली कोमट असताना भरली तर वाफ आत राहते. तेल फार तापलेलं असलं तर बाहेरून रंग येतो आणि चकली आतून ओलीच राहते. ती दुसऱ्या दिवशी मऊ. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरते, कमी झालं तर दाताला दगड. चिवड्यात सगळ्यात आधी खवट होतात खोबऱ्याचे काप, मग शेंगदाणे. म्हणून चिवडा पातळ, पारदर्शक पिशवीत देऊ नका. उजेड आणि हवा दोन्ही अडवणारा मेटलाइज्ड स्टँडी पाउच, म्हणजे धातूचा चकचकीत थर असलेली, तळावर उभी राहणारी पिशवी घ्या आणि झिपच्या वर सीलरची एक पट्टी मारा.

लेबलावर पदार्थाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, हिरवा शाकाहारी ठिपका, निव्वळ वजन, कमाल किंमत सर्व करांसह, तयार केल्याची तारीख आणि मुदत, बॅच क्रमांक, तुमचा पत्ता व फोन आणि एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक हवा. गहू, शेंगदाणे, दूध, काजू-बदाम यांपैकी जे असेल ते ॲलर्जीच्या सूचनेत वेगळं लिहा. एफएसएसएआयची नोंदणी फॉसकॉस पोर्टलवर होते, लहान व्यावसायिकांसाठी ती सोपी आहे आणि विक्री सुरू करण्याआधीच करायची आहे. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारदरबारची नोंदणी, तर सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत होते. त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका.

बॅच क्रमांक साधा ठेवा: तारीख आणि घाण्यांची पाळी. २२ तारखेची दुसरी पाळी असेल तर २२-ब. तक्रार आली की त्याच पाळीची बाकी पाकिटं कोणाकडे गेली ते वहीत सापडतं आणि त्यांना आपणहून फोन करता येतो.

ऑर्डर घ्यायच्या कधी, थांबवायच्या कधी

दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण वीस दिवस असतात, आणि कोजागरी झाल्यावर वसुबारसेपर्यंत बारा. खरं तळण याच बारा दिवसांत बसवायचं. तुमची कढई, तुमचा सोऱ्या आणि तुमची माणसं तासाला किती किलो उतरवतात ते घड्याळ लावून एकदा मोजा. तासाला दोन किलो, दिवसाला सहा तास, बारा दिवस, म्हणजे १४४ किलो. लाइट जाणं, आजारपण, बिघडलेला घाणा यांसाठी १५ टक्के सोडा. १२० किलोला वही बंद. १२१ व्या किलोसाठी रात्री जागून केलेला माल जुन्या गिऱ्हाइकाच्या डब्यात जातो आणि तिथेच नाव जातं.

गणपतीत भाव पक्के करून पाउच मागवा. पितृपक्षात धान्य निवडून, धुऊन, सावलीत वाळवून भाजून घ्या. घटस्थापनेला फक्त जुन्या गिऱ्हाइकांना निरोप जातो, दसऱ्याला सगळ्यांसाठी यादी खुली होते, कोजागरीला नोंदणी बंद. निम्मी रक्कम आगाऊ, यूपीआयवर, आणि ती आल्यावरच ऑर्डर पक्की. ओळखीतल्या माणसांकडे आगाऊ मागायला जीभ रेटत नाही, म्हणून तो नियम यादीच्या खालीच छापा. करताना शंकरपाळे आणि शेव आधी, मग चकली-चिवडा, नंतर लाडू, आणि अनारसे-करंज्या सगळ्यात शेवटी.

व्हॉट्सॲप: ओरडू नका, आठवण द्या

व्यवसायासाठीचं व्हॉट्सॲप बिझनेस वेगळ्या नंबरवर घ्या. त्यात कॅटलॉगमध्ये प्रत्येक पदार्थ वजन आणि भावासकट टाका, आणि गिऱ्हाइकांना लेबलं लावा: ‘जुने’, ‘आगाऊ आले’, ‘पोचवायचे’, ‘वर्षभराचे’. ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच निरोप अनेकांना एकदम पाठवायच्या, एका यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. अनेक जण शंभर लोकांना पाठवतात आणि उत्तर का येत नाही म्हणून खट्टू होतात. कारण बहुधा हेच असतं. डबा देतानाच सांगा, ‘नंबर सेव्ह करून ठेवा, पुढची यादी यावरच येईल.’

जुन्या गिऱ्हाइकाला मात्र ब्रॉडकास्ट नको, त्यांच्या नावाने लिहा. वही समोर ठेवून असं:

‘नमस्कार काकू. गेल्या दिवाळीत तुम्ही भाजणीची चकली १ किलो आणि बेसन लाडू अर्धा किलो नेले होते. लसूण नको म्हणाला होतात, तेही लिहून ठेवलंय. यंदा चकली ५०० रुपये किलो आहे. तेवढंच धरू का?’

याला नुसतं ‘हो’ म्हणून उत्तर देता येतं, म्हणूनच ते येतं. रंगीत पोस्टर पाठवलं की माणसाला यादी वाचावी लागते, ठरवावं लागतं, घरात विचारावं लागतं, आणि ते ‘नंतर बघू’वर जातं. चाळीस निरोप असे हाताने लिहायला दोन संध्याकाळी जातात. जाऊ द्या.

फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, साध्या स्टीलच्या ताटात काढा. एक चकली मोडून तिची पोकळ नळी दिसू द्या. खुसखुशीतपणा शब्दांत सांगावा लागत नाही. नेटवरून उचललेला फोटो वापरू नका, डबा उघडल्यावर फरक दिसतोच.

गुगलवर व्यवसायाची नोंद करा. घरचा पत्ता लपवून फक्त कोणत्या भागात पोचवता ते दाखवता येतं. खातरजमेसाठी बरेचदा व्हिडिओ मागतात, त्यात स्वयंपाकघर, पाकिटं, लेबलं दाखवा. डबा पोचल्यावर तीन दिवसांनी परीक्षणाची लिंक पाठवा आणि कोणता पदार्थ नेला तेवढं लिहायला सांगा. परीक्षणाच्या बदल्यात सवलत देऊ नका, गुगलला ते चालत नाही.

प्रदर्शन आणि दुकान

बचत गटांच्या प्रदर्शनात किंवा सोसायटीच्या आवारात स्टॉल घेताना आधी भागाकार करा. भाडं ३००० आणि किलोमागे १४३ सुटत असतील तर २१ किलो विकल्यावर फक्त भाडं निघतं. म्हणून तिथे अर्ध्या किलोऐवजी २०० ग्रॅमची पाकिटं ठेवा, चकलीचे तुकडे चिमट्याने हातावर द्या, आणि नंबर मिळवणं हेच मुख्य काम समजा. वही टेबलावर उघडी ठेवू नका, दुसऱ्याचे नंबर लोकांना दिसतात. चिठ्ठ्या भरून घ्या. पिशवी कागदाची किंवा कापडाची द्या. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या कॅरी बॅगेवर ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर बंदी आहे.

दुकानात पहिल्यांदा दहाच पाकिटं ठेवा आणि दर आठवड्याला स्वतः जाऊन मोजा. मुदतीला दहा दिवस उरलेलं पाकीट परत आणा. खवट पाकीट दुकानात विकलं गेलं तर शिव्या दुकानदार खातो आणि तुमची जागा जाते.

पाडव्यानंतरचे अकरा महिने

चकली घेणाऱ्या घराला वर्षभर काय लागतं? थालिपिठाची भाजणी, मेतकूट, चटण्या. हे पदार्थ महिनोन्महिने लागतात, तळणाची धावपळ नाही, आणि भाजणीसाठी धान्य भाजण्याचं काम तुम्हाला येतंच. दिवाळीच्या प्रत्येक डब्यात ५० ग्रॅम थालिपिठाच्या भाजणीची पुडी टाका, वर पाण्याचं प्रमाण लिहून. पंधरा दिवसांनी विचारा, ‘कशी झाली?’ ज्यांनी आवडली म्हटलं त्यांच्या नावापुढे ‘वर्षभर’ लिहा आणि अर्धा किलो नेल्यावर घरात किती माणसं आहेत त्यावरून पुढची तारीख टाका.

थंडीत डिंकाचे आणि मेथीचे लाडू, संक्रांतीला तिळगूळ, उन्हाळ्यात वाळवणं आणि वर्षाचा मसाला, श्रावणाआधी उपवासाची भाजणी. सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या वर्षी भाजणी आणि डिंकाचे लाडू एवढे दोनच, आणि चव प्रत्येक खेपेला तीच. त्यासाठी वाटी-चमचा सोडून सगळं वजनावर घ्या आणि प्रमाण लिहून भिंतीवर लावा, म्हणजे मदतीला कोणीही आलं तरी पदार्थ बदलत नाही.

कंपन्यांकडून भेटीच्या डब्यांची मोठी ऑर्डर आली तर आनंदाबरोबर कागदही हवा: वजन, भाव, पोचवायची तारीख, पैसे कधी. उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. तरीही कच्च्या मालाएवढी रक्कम आगाऊ घ्याच, कारण तेलवाला ४५ दिवस थांबत नाही.

पुण्याहून बेंगळुरूला किंवा इंदूरला माल विकायला लागलात की जीएसटी नोंदणीतून वस्तूंसाठी वर्षाला ४० लाखांच्या विक्रीपर्यंत मिळणारी सूट तुमच्या कामाची राहत नाही. करपात्र माल राज्याबाहेर विकताना नोंदणी लागते, तेव्हा पहिल्या पार्सलआधी सीएला विचारून घ्या. परदेशी पार्सलात त्या त्या देशाला कोणते पदार्थ चालतात ते कुरियरवाल्याकडून लेखी घेऊन मगच ऑर्डर स्वीकारा. दुधाच्या पदार्थांवर अडकण्याची शक्यता जास्त. पार्सल भरताना चकली उभी लावून, मधल्या फटीत चिवड्याची छोटी पाकिटं कोंबा. मोकळी जागा राहिली की तिकडे पोचतो तो चुरा.