कंपनीतल्या कंपनीत दुसऱ्या पोस्टला अप्लाय करताय? या चुका टाळा

इंदूरजवळच्या पीथमपूरला नोकरी करणाऱ्यांना आयजेपी (इंटर्नल जॉब पोस्टिंग) म्हणजे काय ते सांगायला नको, बाहेर जाहिरात देण्याआधी कंपनी आपल्याच लोकांसाठी पोर्टलवर जागा टाकते ते. मी प्रॉडक्शनमधून प्लॅनिंगला असाच गेलो आणि जाताना करता येतील तेवढ्या चुका करून घेतल्या, म्हणून लिहितोय.

सगळ्यात महागात पडली ती ही. रात्री अकराला जोशात येऊन अप्लाय केलं, म्हटलं सिलेक्शन झालं की सांगू साहेबांना. सकाळी राजेंद्र नगरच्या स्टॉपवर हातात जिरावण मसाला मारलेले पोहे, कंपनीची बस यायचीये, आणि साहेबांचा फोन, "क्यों भिया, बता तो देते!" बऱ्याच सिस्टीममधून रिपोर्टिंग मॅनेजरला आपोआप मेल जातो, मला कुठे ठाऊक. पोहे तसेच राहिले. साहेब माणूस वाईट नाही, पण आपल्या हाताखालचा पोरगा चाललाय हे कॉम्प्युटरकडून कळलं की कुणालाही लागणारच ना, आणि वर रिलीझ, म्हणजे जुन्या डिपार्टमेंटमधून सोडणं, त्यांच्याच हातात. तेव्हा आधी समोर बसून दहा मिनिटं बोला, आणि "इथे कंटाळा आलाय" म्हणू नका, तिकडे जाऊन काय करायचंय ते सांगा. हो, आणि कुणाला "तुलाच सांगतोय हं" करून सांगितलेलं जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या कँटीनला माहीत असतं.

पोर्टलवरचे नियम आधी वाचा. सध्याच्या रोलमध्ये कुठे 12 महिने मागतात, कुठे 18, शिवाय मागच्या अप्रेझलचं रेटिंग बघतात. हे न बघताच अर्ज टाकून उगाच बोभाटा झालेले लोक पाहिलेत.

मग इंटरव्ह्यू. घरचंच आहे, ओळखतात आपल्याला, असं समजून मी चार वर्षं जुना रिझ्युमे तसाच चिकटवला. समोर प्लॅनिंगचे मॅनेजर, रोज गेटवर नमस्कार होतो आमचा, पण मी लाइनवर नक्की काय करतो हे त्यांना शून्य माहीत. "तुम्हाला तर माहीतच आहे सर" असं मी दोनदा म्हणालो, तिसऱ्यांदा म्हणणार तर सरच म्हणाले, नाही माहीत, सांगा. मग सांगितलं की मशीनवरचा मोल्ड (साचा) बदलायला 40 मिनिटं जायची ती 25 वर आणली, कशी आणली ते कागदावर काढून दाखवलं, आणि तिथून गाडी रुळावर आली. बाहेरच्या कँडिडेटसारखीच तयारी करा, आकडे घेऊन जा.

आता पैशाचं, इथे लोक फार गाफील असतात. जागा त्याच कंपनीत असेल तर ट्रान्सफर लेटर मिळतं, सर्व्हिस चालू राहते. पण ग्रुपच्या दुसऱ्या कंपनीत असेल आणि कोणी "फॉर्म्यालिटी आहे, रिझाइन टाका, तिकडे जॉइन व्हा" म्हणालं तर थांबा. पर्मनंट माणसाला ग्रॅच्युइटीसाठी (नोकरी सोडताना कंपनी एकरकमी देते ते पैसे) सलग 5 वर्षं लागतात, हिशोब वर्षामागे 15 दिवसांचा, तोही महिना 26 दिवसांचा धरून, म्हणजे बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 26,000 असतील तर वर्षाचे 15,000. चार वर्षं झालेली असताना राजीनामा टाकून नव्याने मोजायला लागलात तर 60,000 वर पाणी. नव्या लेटरमध्ये जुनी सर्व्हिस धरली जाईल असं स्पष्ट लिहून घ्या. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (तुमच्या पीएफच्या कायमच्या नंबरवर) ट्रान्सफर करा, 5 वर्षांच्या आत काढला तर साधारणपणे टॅक्सही लागतो. पगार वाढणारच असंही धरून चालू नका, त्याच ग्रेडमध्ये आडवं सरकलात तर बऱ्याचदा आहे तोच राहतो, त्यामुळे हो म्हणायच्या आधी विचारा, नंतर कोणी ऐकत नाही.

आणि रिलीझची तारीख मेलवर घ्या, तोंडी नको. मला "पुढच्या महिन्यात सोडतो" म्हणता म्हणता तीन महिने काढले, सकाळी लाइन, दुपारी प्लॅनिंगची शीट, आणि बस मात्र तीच, साडेसहाची.