फणसाडला चालायला, तंबूत राहायला जाताय? या चुका टाळा

रायगड जिल्ह्यात मुरूडजवळच्या फणसाडला ना कळसूबाईची चढण आहे ना राजमाचीची तंगडतोड. म्हणून माणशी एक लिटरची बाटली घेऊन लोक सकाळी दहाला चालायला लागतात, आणि बाराच्या सुमाराला कोणीतरी झाडाखाली डोकं धरून बसलेलं असतं. जंजिऱ्याच्या नबाबाचं हे जुनं शिकारीचं रान, १९८६ साली अभयारण्य झालं. विस्तार साधारण ७० चौरस किलोमीटर. पण इथे दमवतो तो चढ नव्हे, दमटपणा. समुद्र उशाला असल्यामुळे घाम येतो पण वाळत नाही. वाळला नाही की अंग थंड होत नाही, आणि शरीर आणखी घाम गाळत राहतं. सावलीतही हेच होतं, म्हणून नुसत्या सावलीवर विसंबू नका.

चार-पाच तासांच्या फेरीला माणशी ३ ते ४ लिटर पाणी लागतं. उजाडताच निघा आणि साडेदहा-अकरापर्यंत परत या. ओआरएसमध्ये हमखास होणारी चूक म्हणजे लिटरभर पाण्याची पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतणं, किंवा गोड लागावं म्हणून वरून साखर घालणं. मिश्रण दाट झालं की उलटं आतड्यात पाणी खेचलं जातं, मळमळतं, जुलाबही लागतात. पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घ्या. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पायात गोळे आले तर थांबून हे प्यायचं. माणूस बरळायला लागला, अंग भाजतंय असं लागलं, तर तो उष्माघात समजा. सावलीत आडवं करून अंगावर पाणी शिंपडा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. धड शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

आपला तंबू पाठीवर घेऊन जंगलात कुठेही ठोकता येईल, हा दुसरा गैरसमज. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणंच वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये बसत नाही, मुक्काम तर दूरच. सुपेगावला वनखात्याच्या तंबूंची सोय आहे. निघण्याआधी चौकशी आणि नोंदणी करा, वाटाड्याही तिथलाच घ्या. शेकोटीचा हट्ट सोडा. डिसेंबरनंतर माळांवरचं गवत कोळपून कडकडीत होतं, एक ठिणगी पुरते.

पाणवठ्यांना इथे ‘गाण’ म्हणतात: चिखलगाण, फणसाडगाण वगैरे. जनावरं बघायला मिळतील म्हणून लोक थेट काठावर ठाण मांडतात, आणि मग काहीच दिसलं नाही म्हणून कुरकुरतात. माणूस काठावर असेल तर सांबर पाण्यावर कशाला येईल? वाऱ्याची दिशा बघून लांब, आडोशाला बसा. गाणीत डबे धुऊ नका. शेकरू, म्हणजे झाडांवरची मोठी खार, बघायची असेल तर पाणवठा सोडा आणि मान वर करून चाला.

आता खाजकुयलीची वेल. हिवाळ्यात तिच्या शेंगांवर सोनेरी-तपकिरी मखमल असते, बघायला छान. हात लागला किंवा वाऱ्याने कुसं अंगावर आली की आग सुरू होते आणि माणूस पहिली गोष्ट करतो ती खाजवण्याची. त्याने कुसं आणखी रुततात, बोटांनी मानेवर, डोळ्यांकडे पसरतात. आधी चिकटपट्टी त्वचेवर दाबून ओढून काढा, दर वेळी नवा तुकडा. मग न चोळता गार पाणी ओता. शर्ट बदला आणि वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा, नाहीतर परतीच्या गाडीत सगळ्यांना प्रसाद मिळेल.

फुरसं हा विषारी साप. ते वीतभर-हातभर लांबीचं, मातकट रंगाचं असतं आणि दगडाआड बसतं. म्हणून बसण्याआधी काठीने दगड-पाला हलवा, रात्री विजेरीशिवाय पाऊल टाकू नका, सकाळी बूट झटकून घाला. दंश झालाच तर आवळपट्टी, ब्लेडची चीर, चोखणं हे सगळं बाद. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, चीर दिलीत तर जखम वाहतच राहते. अवयव फळीला बांधून स्थिर करा, अंगठी-घड्याळ काढा, आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयाकडे निघा.

जंगल झालं की गाडी काशीदच्या समुद्रकिनाऱ्याकडे वळते. तिथली वाळू पाण्यात झपकन उतरते आणि परतणारी लाट पाय काढून नेते. बुडण्याच्या घटना वारंवार झालेल्या आहेत. गुडघ्याच्या पुढे जाऊ नका. भरतीची वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाचे पाऊण म्हणजे सहा, तेव्हा पूर्ण भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. अर्ध्या तासाचा फरक धरा. भरतीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच जवळपास निम्मं पाणी चढतं, त्यामुळे ‘अजून लांब आहे’ म्हणत बसलेल्यांच्या चपला वाहून जातात.

परवानगी असलेल्या किनाऱ्यावर तंबू टाकाल तर भरतीने सोडलेली काटक्या-शेवाळाची जी रेघ दिसते तिच्या बऱ्याच वर टाका, नारळाखाली मात्र नको. वाळूत सरळ ठोकलेली मेख पहिल्या झोताला निघते. पिशवीत वाळू भरून तिला दोर बांधा आणि हात-सव्वा हात खोल पुरा. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून. संध्याकाळी पश्चिमेची खिडकी लावून निजलेल्यांना मध्यरात्री तंबू फडफडताना जाग येते ती यामुळे. दोर चारी बाजूंनी ताणा आणि समोरासमोरच्या दोन जाळ्या उघड्या ठेवा. दव पडतंय म्हणून सगळं बंद केलंत तर श्वासातली वाफच आतून कापडाला धरते आणि पहाटे झोपायच्या पिशव्या ओल्या निघतात. लोकांना वाटतं, तंबू गळका आहे.